अ‍ॅप्टेशिया खाणारी बर्गिया गोगलगाय: मागवण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात दोन क्लाउन आणि एक सिक्सलाइन रॅस हे मासे, दोन पेपरमिंट श्रिंप (कोळंबी), बाकी झोआ आणि मशरूम ही मऊ प्रवाळं. झोआच्या दगडाबरोबर एक तपकिरी समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) आलं, ते तुम्ही ब्लेडने खरवडलं आणि आता तशी शंभरेक झाली आहेत. अ‍ॅप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल खाणारी बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय सोडली की दोन आठवड्यांत टँक साफ होतो असं तुम्हाला कुणी सांगितलं. म्हणून किती मागवू, पावसाळ्यात त्या टिकतील का, आणि मुलगा म्हणतो तशी आपल्या किनाऱ्यावरची एखादी चालेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी ठाणे-नवी मुंबईत लोकांचे खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळतो आणि बर्गियाची पैदासही करतो. माझं म्हणणं आधीच सांगतो: आत्ता मागवू नका. बर्गिया हे औषध नाही, एकच अन्न खाणारा जीव आहे. ती तुमच्या टँकमध्ये तीन-चार महिने जगली आणि तिथेच तिची पिल्लं झाली तर काम होतं, नाहीतर पैसे पाण्यात. त्यामुळे ‘किती’ हा प्रश्न नंतरचा. तुमचा टँक तिला जगू देईल का, हे आधी बघायचं. मला विचाराल तर आज जसा आहे तसा तो देणार नाही.

सगळ्यात आधी ओळख पक्की करा. तपकिरी दिसणारं प्रत्येक उपद्रवी समुद्रफूल अ‍ॅप्टेशिया नसतं. अ‍ॅप्टेशियाचं अंग पातळ, काहीसं आरपार दिसणारं, आणि हात लांब, टोकाला निमुळते होत गेलेले असतात. जवळ बोट नेलं की ती झटकन दगडाच्या भोकात शिरते. दुसरा पाहुणा म्हणजे मजानो. तो बुटका आणि जाड, हात आखूड, टोकं फुगीर, बहुतेकदा हिरवट छटा. बर्गिया मजानोला तोंड लावत नाही. तिचं अन्न म्हणजे एक्झाअ‍ॅप्टेशिया डायफाना, तीच आपली नेहमीची अ‍ॅप्टेशिया. मजानो असेल तर या उत्तरातलं गोगलगायीचं सगळं सोडून द्या. तुमच्या वर्णनातलं ‘हात लावला की गायब होतं’ हे वाक्य अ‍ॅप्टेशियाकडे बोट दाखवतंय, तरी बाजूने काढलेला एक स्पष्ट फोटो टाका.

आता एकाची शंभर कशी झाली ते बघू. अ‍ॅप्टेशिया पानफुटीच्या पानासारखी आहे, तुकडा पडला की तिथून नवी उगवते. सरकताना ती स्वतःच तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडत जाते आणि त्यांची समुद्रफुलं होतात. ब्लेडने खरवडणं म्हणजे तिचंच काम तुम्ही करून देणं. तुकडे पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात सगळीकडे पसरतात, सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीतसुद्धा. आणि एवढ्यांना पोसायला अन्न लागतं. दोन क्लाउन आणि एक रॅस एवढ्यांसाठी फ्रोजन खाण्याचा अख्खा क्यूब रोज पडत असेल तर उरलेलं कोण खातं, हे वेगळं सांगायला नको. खाणं निम्म्यावर आणा. त्याने अ‍ॅप्टेशिया मरणार नाहीत, तिच्या अंगात प्रकाशावर अन्न तयार करणारी शेवाळं राहतात, पण वाढीचा वेग कमी होतो. पुढे काहीही करा, तो कमी झालेला वेग कामाला येतो.

बर्गिया नेमकी कोण, हे जाणून घेतलंत तर तिच्याकडून काय मागायचं ते ठरवता येईल. बर्गिया स्टेफनिए ही मूळ फ्लोरिडाकडची. आंखेल वाल्देस यांनी २००५ साली तिचं वर्णन एओलिडिएला स्टेफनिए या नावाने केलं, पुढे तिला बर्गिया वंशात हलवलं. त्याआधी बाजारात आणि प्रयोगशाळांतही ती बर्गिया व्हेरुसिकॉर्निस म्हणून ओळखली जायची, त्यामुळे जुन्या याद्यांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. पूर्ण वाढलेली दोन-तीन सेंटिमीटरची, पांढुरकी, पाठीवर बोटासारख्या नळ्यांच्या रांगा. तिला शंख नाही, स्वतःचं विष नाही, डोळेही नावापुरते. अ‍ॅप्टेशियाचा माग ती पाण्यातल्या वासावर काढते.

त्या पाठीवरच्या नळ्यांत मोठी गंमत आहे. समुद्रफुलाच्या हातांत दंश करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. बर्गिया समुद्रफूल खाते तेव्हा त्यातले काही दंशकोश न फुटता तिच्या पोटातून या नळ्यांच्या टोकांपर्यंत पोचतात आणि तिथल्या पिशव्यांत साठतात. कुणी चावा घेतला तर तेच दंश त्याच्या तोंडात. समुद्रफुलातली तपकिरी शेवाळंही थोडे दिवस तिच्या अंगात राहतात, म्हणून भरपेट जेवलेली बर्गिया तपकिरी दिसते आणि उपाशी पांढरी पडते. विकत घेताना हे बघायचंच. पांढरीफटक, आकसलेली, पाठीवरच्या नळ्या पातळ झालेली गोगलगाय स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

पण हे उधारीचं शस्त्र सगळ्यांपुढे चालत नाही, आणि तुमची अडचण इथेच आहे. सिक्सलाइन रॅस दिवसभर दगडाच्या फटी तपासत फिरतो. बर्गिया दिवसा लपते, रात्री बाहेर येते, त्यामुळे काही जणी वाचतील. पण पिल्लं मोहरीहूनही लहान असतात, ती वाचणार नाहीत. पिल्लं गेली की तुम्ही सोडलेल्या आठ-दहा म्हाताऱ्या होऊन संपतात आणि अ‍ॅप्टेशिया तशाच राहतात. ‘बर्गिया काम करत नाही’ असं ठासून सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या टँकमध्ये मला रॅस नाहीतर श्रिंप दिसले आहेत.

श्रिंपचंच बोलू. खरी पेपरमिंट, म्हणजे अटलांटिककडची लिस्माटा, अ‍ॅप्टेशिया खाते, निदान लहान तरी. तुमच्याकडे दोन असूनही शंभर झाली म्हणजे त्या पेपरमिंट नसाव्यात असा मला संशय आहे. आपल्या बाजारात त्याच नावाने कॅमल श्रिंप सर्रास मिळतो. त्याच्या पाठीवर उंचवटा, डोळे मोठे, लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके. पेपरमिंटचं अंग फिकट, जवळपास काचेसारखं, त्यावर बारीक लाल रेषा. कॅमल अ‍ॅप्टेशियाकडे ढुंकूनही बघत नाही, उलट झोआ आणि मशरूम कुरतडतो. म्हणजे कॅमल असेल तर तो असाही तुमच्या टँकमध्ये नको. आणि खरी पेपरमिंट असेल तर तीही बर्गिया खाते. दोन्ही बाजूंनी श्रिंप बाहेर काढावाच लागतो.

रॅस काढणं मात्र सोपं नाही, हे मला माहीत आहे. दगड उचकटल्याशिवाय तो हाती लागत नाही. मुलाने त्याला नाव ठेवलं असेल तर काढायचा का, हा तुमच्या घरचा प्रश्न. रॅस ठेवायचाच असेल तर बर्गियाचा विचार सोडा आणि पुढचा उपाय करा.

तो उपाय म्हणजे चुना. स्वच्छ कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात कालवून दाटसर पेस्ट करायची, सगळे पंप बंद करायचे, आणि सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येक अ‍ॅप्टेशियाच्या तोंडावर हळूच एक थेंब ठेवायचा. टोचू नका, टोचलं की ती आत पळते. पंधरा-वीस मिनिटांनी पंप चालू. एका वेळी दहा-बारांपेक्षा जास्त घेऊ नका, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो आणि २०० लिटरमध्ये तो लवकर चढतो. पानाच्या टपरीवरची डबी वापरू नका, त्यात आणखी काय आहे ते कळत नाही. बाजारात मिळणारी तयार औषधंही याच पद्धतीने वापरायची. हाताच्या टप्प्यातली वीस-तीस असतील तर मी स्वतः चुनाच वापरतो, बर्गियाच्या भानगडीत पडत नाही. शंभर असली आणि निम्मी दगडाच्या मागे असली की चुना फक्त दिसणाऱ्यांना गाठतो, मागच्या पुन्हा पुढे येतात. बर्गियाचा खरा उपयोग तिथे, कारण आपला हात आणि नजर पोचत नाही अशा फटीत ती पोचते.

अ‍ॅप्टेशिया खाणारा मासा म्हणून कॉपरबँड बटरफ्लायफिशही कुणीतरी सुचवेल. २०० लिटरमध्ये तो मासा आणू नका. तो खायला लागेल याची खात्री नसते, आणि लागला तरी त्याला ही जागा पुरत नाही.

समजा रॅस आणि श्रिंप दोन्ही गेले. तरीही गोगलगायी थेट टँकमध्ये सोडू नका, असं मी सांगेन. आधी बरणीत वाढवा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण कंटाळा करतात, पण जे करतात त्यांना पुन्हा विकत घ्याव्या लागत नाहीत.

पाच-सहा लिटरची काचेची किंवा प्लास्टिकची स्वच्छ बरणी घ्या. पाणी तुमच्या टँकचंच. वाळू नको, फिल्टर नको. एअरपंपाची नळी टोकाला एअरस्टोन न लावता सोडा, सेकंदाला एक-दोन बुडबुडे पुरे. वर सैल झाकण ठेवा, नाहीतर पाणी उडून खारटपणा वाढतो. आत अ‍ॅप्टेशिया बसलेले एक-दोन छोटे दगड. दुसऱ्या बरणीत नुसत्या अ‍ॅप्टेशिया वाढवायच्या, त्यांना अंड्यातून नुकतीच फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खायला घालायची. इथे त्यांचे मुद्दाम तुकडे करा, आपल्याला पीकच हवंय. ज्या गोष्टीने तुम्ही टँकमध्ये हैराण झालात तीच बरणीत कमी पडू लागते, हा अनुभव तुम्हालाही येईल.

बर्गिया उभयलिंगी असते. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, त्यामुळे कोणत्याही दोन मोठ्या झालेल्या चालतात. पोटभर खायला मिळालं की त्या काचेवर आणि दगडावर पांढऱ्या दोऱ्याची गोल गुंडाळी घालतात, तीच अंडी. एका गुंडाळीत शेकडो. पाणी २५-२६ अंशांवर असेल तर दहा ते चौदा दिवसांत ती फुटतात. काही पिल्लं थोडा काळ पोहतात, काही तशीच तळाला सरपटतात. सुरुवातीचं अन्न अंड्यातलंच त्यांच्या अंगात असतं, त्यामुळे सूक्ष्म प्लँक्टन वाढवण्याचा खटाटोप करावा लागत नाही, आणि समुद्री जीवांच्या पैदाशीत ही फार मोठी सोय आहे. मग त्यांना लागतात अगदी लहान अ‍ॅप्टेशिया. मोठ्या अ‍ॅप्टेशियासमोर इवलं पिल्लू आलं तर जेवण कुणाचं होईल हे सांगता येत नाही. म्हणून पिल्लांच्या बरणीत मोठी फुलं ठेवू नका. साधारण दोन महिन्यांत पिल्लं अंडी घालण्याएवढी होतात.

बरणीतलं निम्मं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, तापमान आणि खारटपणा सारखा ठेवून. पाणी ओढताना नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, पिल्लं दिसत नाहीत आणि सहज वाहून जातात. हात धुताना साबणाचा अंशही राहू देऊ नका.

टँकमध्ये सोडायची वेळ झाली की ‘किती’चा प्रश्न येतो. ते तुमच्या लिटरपेक्षा तुमच्या अ‍ॅप्टेशियांवर अवलंबून आहे. शंभरेक असतील तर मी एक सेंटिमीटरच्या आसपासच्या दहा-बारा सोडेन आणि महिन्याभराने बरणीतली दुसरी तुकडी. दोन-तीनच सोडल्या तर त्या एकमेकींना सापडतच नाहीत, पिल्लं होत नाहीत. सोडण्याआधी टँकचं पाणी थेंबाथेंबाने त्यांच्या पाण्यात मिसळा, तासभर तरी. दिवे गेल्यावर, पंप बंद करून, ड्रॉपरने अ‍ॅप्टेशियांच्या गर्दीजवळ दगडाच्या सावलीत ठेवा. वरून टाकू नका, त्या तरंगत जातात. पॉवरहेडच्या आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरतं त्या वाटेच्या) तोंडाला स्पंज हवाच. मग विसरून जा. पहिला दीड महिना काहीच घडत नाहीये असं वाटेल. लहान अ‍ॅप्टेशिया आधी नाहीशा होतात आणि त्या तुम्ही मोजलेल्याच नसतात. ठळक फरक दिसायला तीन-चार महिने धरा. दोन आठवड्यांचं आश्वासन देणाऱ्याने बर्गिया कधी वाढवलेल्या नाहीत.

त्या काळात कोणतंही कॉपरचं (तांब्याचं) औषध टँकजवळ फिरकता कामा नये. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आधी कधी याच टँकमध्ये कॉपर घातलं असेल तर आत्ता सांगा. ते दगडात मुरून राहतं आणि हळूहळू सुटतं, आणि गोगलगायीला अगदी थोडंही पुरतं.

पावसाळ्याबद्दल. तुमची भीती बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. पावसाने गोगलगायीला काही होत नाही. घोडबंदरला काय किंवा खारघरला काय, बहुतेक जण टँक थंड ठेवायला पाण्यावर पंखे लावतात. पंखा पाणी उडवून थंडावा देतो. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो. त्यामुळे मेमध्ये निभावलेला टँक जुलैतल्या एखाद्या उकाड्याच्या दिवशी २९-३० वर जातो, आणि ऑक्टोबरात पुन्हा. बर्गियाला २४ ते २७ बरं. चिलर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बरणी एसीच्या खोलीत ठेवा, हा बरणीचा आणखी एक फायदा. आणि पाणी कमी उडतं म्हणून पावसाळ्यात वर ओतायचं गोडं पाणीही कमी लागतं. उन्हाळ्याच्या सवयीने ओतत राहिलात तर खारटपणा १.०२५ (सापेक्ष घनता) वरून घसरतो. नुसत्या अंदाजाने ओतू नका, रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.

नळाचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं, तेव्हा क्लोरीनची मात्राही बदलते. आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारी डीआयची नळी असू द्या आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य आल्याशिवाय ते पाणी वापरू नका. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एक एअरपंप घरात हवा. तो बर्गियापेक्षा क्लाउनना जास्त लागेल.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा: टँकमध्ये पैदास केलेल्या आहेत का, आणि आत्ता काय खातायत. विक्रेत्याने त्यांना अ‍ॅप्टेशिया खाताना दाखवलं तर उत्तम. ‘फ्लेक्स खाते’ म्हणाला तर ती बर्गिया नाही. बाहेरून आलेल्या असतील तर आयातीचे कागद मागायला संकोच करू नका. त्याच दुकानात कडक प्रवाळ ‘सेटमध्ये’ देतो म्हणाला तर नको म्हणा. सगळी कडक प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. प्रवाळाच्या सांगाड्याचा ‘लाइव्ह रॉक’ही त्यातच येतो, म्हणून सिरॅमिकचा किंवा बनवलेला दगडच घ्या.

काम झाल्यावर त्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा. हा भाग कुणी विचारत नाही. अ‍ॅप्टेशिया संपल्या की बर्गिया दुसरं काही खात नाही, काही दिवसांत आकसते आणि मरते. अ‍ॅप्टेशिया तुरळक झाल्या की रात्री लाल टॉर्च घेऊन बसा, दिसतील तेवढ्या ड्रॉपरने उचला आणि बरणीत परत न्या. ठाण्या-डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत अ‍ॅप्टेशियाने वैतागलेला कुणी ना कुणी असतोच, त्याला द्या. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका, ना गोगलगाय, ना अ‍ॅप्टेशियाचा दगड, ना बरणीचं पाणी. ती इथली नाही.

राहिला मुलाचा प्रश्न, आणि तो प्रश्न मला आवडला. आपल्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायी आहेत, भरपूर आहेत, आणि बर्गियापेक्षा देखण्या आहेत. एकीच्या तर नावातच मुंबई आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, १९४६ सालचं नाव. पण ती आणि तिच्या जवळच्या जाती स्पंज खातात, बॉर्नेला ही दुसरी गोगलगाय हायड्रॉइड (झुडुपासारखे दिसणारे समुद्री प्राणी) खाते, प्रत्येकीचं ठरलेलं ताट आहे. त्यातली एखादी तुमच्या टँकमध्ये आणली तर ती अ‍ॅप्टेशियाच्या शेजारी बसून उपाशी मरेल. ठाण्याच्या बाजूला खाडी म्हणजे चिखल आणि खारफुटी, त्यासाठी खडकाळ किनारा हवा. थंडीच्या दिवसांत मोठ्या ओहोटीला मुलाला हाजी अलीला किंवा कार्टर रोडला घेऊन जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून हे जीव दाखवतात, त्यांच्याबरोबर गेलात तर खडकात नेमकं कुठे बघायचं ते कळेल. रबरी तळव्याचे बूट घाला, दगड उलटला तर पुन्हा होता तसा ठेवा, आणि घरी फक्त फोटो आणा.